आधी टेलला

आमच्या गावच्या देवळाची किल्ली एका रिटायर पाटकऱ्याच्या करगोट्याला बांधलेली असायची. देऊळ म्हणजे चर्च. नगरकडचे आम्ही जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. आणि पाटकरी म्हणजे कालव्यावर फिरून कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते बघणारा सरकारी माणूस. नोकरी संपून बारा वर्षं झाली होती, पण अंगातला खाकी शर्ट सुटला नव्हता आणि डोक्यातला कालवा तर मुळीच नाही. गाव त्याला पाटकरीबाबा म्हणायचं. मागून येडा पाटकरी म्हणायचं. मी त्या देवळाचा पाळक, म्हणजे पास्टर. खोटं कशाला बोलू, मीही मनातल्या मनात दुसरंच नाव वापरायचो.

गाव नेवासा तालुक्यात, मुळा कालव्याच्या एका चारीच्या, म्हणजे शेतांकडं जाणाऱ्या छोट्या फाट्याच्या, अगदी शेवटाला. चारी जिथं सुरू होते त्याला हेड म्हणतात, जिथं संपते त्याला टेल. हेडवाल्यांचा ऊस डोक्याच्या वर आणि टेलवाल्यांचं बोट कोरडं, ही सगळीकडची रीत. आमच्या चारीवर मात्र हा माणूस होता तोवर पाणी आधी टेलला जायचं आणि तिथून मागं मागं हेडकडं यायचं. नियमच तसा आहे म्हणे. पण नियम कागदावर असतो आणि कालव्यावर दांडगाई असते. हेडचा एक बडा बागायतदार चार माणसं घेऊन त्याच्या अंगावर आला होता. "तुझी नोकरी घालवीन," म्हणाला. हा गेटवरून हलला नाही. "घालवा की. नोकरी तिकडं हेडला हाय, मी टेलला ऱ्हातो," म्हणाला. ही गोष्ट मला गावातल्या निदान वीस जणांनी सांगितली आणि प्रत्येकाच्या गोष्टीत त्या माणसांच्या हातातल्या काठ्या वाढत गेल्या.

मी एकदा त्याला विचारलं, "बाबा, हेडला आधी दिलं तर काय बिघडतं? पाणी पुढं जाणारच की."

"न्हाई जात," तो म्हणाला. "हेडला आधी दिलं तर टेलला कवाच पोचत न्हाई. टेलला आधी दिलं तर हेडला कवाच कमी पडत न्हाई. पानी त्येच्याच दारावरनं जातं नव्हं? बघा इचार करून."

मी विचार केला नाही. मला वेळ नव्हता.

आम्ही गावात राहायला आलो त्या दिवशीच त्यानं मला झटका दिला होता. टेम्पोतून सामान उतरत होतं, पंचमंडळी माझ्या गळ्यात हार घालत होती, लहान मुलं गीत म्हणत होती. हा बाबा तांब्या-भांडं घेऊन आला तो सरळ माझ्यासमोरून टेम्पोच्या मागं गेला. तिथं माझी बायको गॅसची शेगडी सांभाळत उन्हात उभी होती. तिला त्यानं पाणी दिलं. मग टेम्पोवाल्याला. मी हात पुढं केला तर म्हणाला, "थांबा पाळकसाहेब. तुमची पाळी यायची हाय." पंच हसले. मीही हसलो, पण मला ते झोंबलं. नवा पाळक, गळ्यात झेंडूचे तीन हार, आणि घोटभर पाण्यासाठी रांगेत!

देवळात तो सगळ्यात मागच्या बाकावर बसायचा. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचा तेही शेवटून. प्रकटीकरणापासून सुरुवात, उत्पत्तीला शेवट. "शेवट कुठं जायाचाय त्ये कळलं म्हंजी सुरवातीचं भ्या वाटत न्हाई," हे त्याचं स्पष्टीकरण. प्रीतिभोजनाला वाढपी म्हणून उभा राहिला की पहिली पंगत सोडून मांडवाच्या कडेला, चपलांच्या ढिगाजवळ बसलेल्या म्हाताऱ्यांपासून वाढायला लागायचा. पाहुणे पत्रावळीकडं बघत बसायचे. आमच्या पंचांचे चिटणीस, शाळेतले गुरुजी, डोक्याला हात लावायचे.

आणि प्रत्येकाला एकच प्रश्न. नवी सून घरात आली की तिला, मुलगा संगमनेरला कॉलेजला निघाला की त्याला, "तुजं टेल कुठं हाय?" म्हणजे तुझ्या आयुष्यात पाणी सगळ्यात शेवटी पोचतं, किंवा पोचतच नाही, असं कोण आहे? माणसं "हाय की बाबा घरी" म्हणून वाटेला लागायची. माझ्या उपदेशानंतर दारात हस्तांदोलन करायला तो सगळ्यांच्या शेवटी यायचा आणि म्हणायचा, "परवचन लई भारी झालं. टेलला पोचलं का?" मला त्याचा असा राग यायचा की काय सांगू. रात्ररात्र जागून उपदेश लिहायचा आणि ह्या बाबानं त्याला कालव्याचं माप लावायचं!

त्या वर्षी हंगामाचा सण मोठा करायचा असं आम्ही ठरवलं होतं. आमच्यात पीक घरात आलं की पहिलं कणीस, पहिली भाजी, पहिली अंडी देवळात आणून वेदीपुढं ठेवतात. शहरातले मंडळीचे, म्हणजे चर्चसंस्थेचे, मोठे साहेब प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते. मांडव, केळीचे खांब, स्पीकर, तीन गावांच्या मंडळ्या, एक व्हॉट्सअॅप ग्रुप आणि त्या ग्रुपमधून रुसून बाहेर पडलेल्यांची समजूत. माझा उपदेशही तयार होता. विषय, 'आधी देव, मग बाकी सगळं.' चार मुद्दे काढले होते आणि चारही मला फार आवडले होते.

माझी बायको आठव्या महिन्यात होती. पहिलंच बाळंतपण. गुरुवारी तिला तपासणीला नेवाशाला न्यायचं होतं, पण गुरुवारी मांडववाले आले. मी म्हणालो, "सोमवारी जाऊ. सण होऊ दे." ती म्हणाली, "होऊ दे की. मला काय झालंय?" शुक्रवारी म्हणाली, डोकं दुखतंय. मी म्हटलं, उन्हात फिरू नकोस. शनिवारी ती पाहुण्यांसाठी करंज्या करत होती आणि मी तिच्या मागून तीनदा जाऊन फोनचा चार्जर शोधला. तिनं पाय पाटावर ठेवले होते, हे मला आज आठवतं. त्या दिवशी मला दिसलं नव्हतं. ह्याची लाज मला अजून वाटते.

रविवारी सकाळी नऊला मी पांढरा झगा हातावर टाकून देवळापाशी गेलो. अंगणात दोनशे माणूस. बायकांच्या डोक्यावर टोपल्या, कुणाच्या हातात कोंबडी, कुणाकडं ज्वारीच्या पेंढ्या. पाहुण्यांची गाडी नुकतीच आलेली. आणि देवळाच्या दाराला कुलूप. पायरीवर पाटकरीबाबा मांडी घालून बसलेला.

"बाबा, दार उघडा. वेळ झाली."

"न्हाई उघडायचं."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "पाहुणे आलेत, बाबा."

"बघितलं. सलाम क्येला त्येंला."

गुरुजी पुढं झाले. "म्हातारं डोक्यावर पडलंय का? किल्ली दे इकडं! इथं काय शिंगणापूर आहे का, दार नसलं तरी चालायला?"

"शिंगनापूरला दारं न्हाईत म्हून बंद करता येत न्हाईत, गुर्जी. आपल्याला हायेत." तो माझ्याकडं बघून म्हणाला, "हेडचं गेट बंद क्येलंय, पाळकसाहेब. आधी टेलला पानी जाऊ द्या. तुमच्या बाईला दवाखान्यात न्या. गाडी वड्याचा पूल वलांडू द्या, मंग मी दार उघडतो."

स्पीकरवाल्यानं गाणं बंद केलं. माझं तोंड तापलं. दोनशे माणसांसमोर, साहेबांसमोर, माझ्या घरातली गोष्ट! मी दात खाऊन म्हणालो, "उद्या जाणार आहोत. तिचंच म्हणणं आहे तसं. तुम्ही कशात पडताय?"

"टेलवाला कवा वरडतो का? आन् वरडला तरी हेडपत्तूर आवाज येत न्हाई." तो उठून उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज कापत होता. "सकाळी मी भाजी द्याया गेल्तो. बाई भितीला धरून चालत हुती. म्या म्हनलं पाय दावा. अंगठा दाबला. ह्यो एवढा खड्डा पडला, भरंचना. साहेब, कालव्याचा भराव आतनं भिजला का असंच बोट रुततं. मंग फुटाया येळ लागत न्हाई. मला डाक्टरकी येत न्हाई, पर भराव कळतो."

"दोनशे माणूस उन्हात उभं आहे!" गुरुजी ओरडले.

"उन्हात हुभं ऱ्हाऊन कोन मरत न्हाई, गुर्जी. पाळकीनबाई मरंल."

एका बाईनं "अगं बाई!" म्हणून टोपली खाली ठेवली. मी झगा कुणाच्या तरी हातात कोंबला आणि घराकडं निघालो. खरं सांगतो, पहिली वीस पावलं मी रागानं टाकली. म्हटलं, दोन मिनिटांत तिलाच पुढं घेऊन येतो आणि ह्या म्हाताऱ्याचं तोंड बंद करतो.

ती पलंगावर बसली होती. सणाची साडी अर्धीच नेसलेली, हातात एक चप्पल. पावलं ऐकून तिनं मान वर केली. "अहो, तुम्ही इकडं कसे? भक्ती सुरू नाही झाली?" असं म्हणाली आणि हसली. पण ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या तोंडाच्या जरा डावीकडं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून बोलत होती.

"अगं, दिसतंय ना तुला?"

"जरा धूसर आहे. होईल बरं. चप्पल चढत नाहीये तेवढी."

मी तिला उचलून बाहेर आणलं तेव्हा पाहुणे साहेब दारात उभे होते. एक शब्द विचारला नाही त्यांनी. ड्रायव्हरला हाक मारली, गाडीचं मागचं दार स्वतः उघडलं आणि मला म्हणाले, "जा. मी पायरीवर बसतो तुमच्या बाबांजवळ." इतका मोठा माणूस, पण त्याला दोन मिनिटांत कळलं आणि मला दोन आठवड्यांत कळलं नव्हतं.

रविवारी नेवाशाचा दवाखाना बंद, म्हणून थेट नगर. तासाभराचा रस्ता. गळिताचा हंगाम, पुढं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावर मोठ्यानं लावलेली गाणी. त्यात सुटीचा दिवस म्हणून शिंगणापूरच्या फाट्यावर भाविकांच्या गाड्यांची ही लाईन. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच होता. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटून विचारत होती, "पाहुण्यांच्या चहाचं कुणी बघितलं का? करंज्या डब्यात आहेत, वरच्या फळीवर." मी म्हणत होतो, बोलू नकोस. मग ती बोलायची थांबली की मी घाबरून म्हणत होतो, अगं, बोल ना काहीतरी. प्रार्थना करायला गेलो तर शब्द सापडेनात. बारा वर्षं माईकवर प्रार्थना करणारा माणूस मी, आणि नुसतं "देवा, देवा" एवढंच येत होतं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी ब्लड प्रेशर बघितलं आणि नर्सला ओरडून काहीतरी सांगितलं. धावपळ सुरू झाली. लिहून घेता घेता बाईंनी मला विचारलं, "पायांवर सूज कधीपासून आहे?"

मी स्ट्रेचरवरच्या तिच्या पायांकडं बघितलं.

"डोकं कधीपासून दुखतंय? लघवी कमी होतेय का? रात्री झोपते का?"

मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. सणाला कुठल्या गावाहून किती माणसं येणार ते तोंडपाठ होतं. बाईंनी पेन थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं. "एकाच घरात राहता ना तुम्ही?"

स्ट्रेचरवरून माझी बायकोच म्हणाली, "पंधरा दिवस झाले सुजेला. ह्यांना नका विचारू, ह्यांना फार कामं असतात." ती तक्रार करत नव्हती. ती माझी बाजू घेत होती! त्यानंतर दाराशीच तिला झटका आला. दात आवळले, सगळं अंग ताठलं, आणि दोघी नर्सनी तिला आत ओढून नेलं. दार माझ्या तोंडावर बंद झालं.

सहीसाठी कागद दिला तेव्हा टेकायला म्हणून मी खिशातून घडी काढली. तो उपदेश होता. 'आधी देव, मग बाकी सगळं.' त्याच्यावरच फॉर्म ठेवून मी सही केली. फॉर्मवर लिहिलेलं होतं की ऑपरेशनमध्ये आई किंवा बाळ, कुणाचंही काहीही होऊ शकतं.

मुलगी झाली. सव्वा किलोची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. बायको शुद्धीवर येईना. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी पाटकरीबाबा एस्टीनं आला. हातात भाकरी-ठेच्याचं गाठोडं. कॉरिडॉरमध्ये पाच बाकं होती, तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला. मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो आणि हमसून हमसून रडलो. त्यानं समजूत घातली नाही. भाकरी सोडली आणि माझ्या हातावर ठेवली.

"बाबा, मी देवाला पहिलं ठेवायला गेलो होतो हो," मी म्हणालो.

"ठिवायलाच पायजे. त्यात काय चुकलं न्हाई तुमचं. पर त्यो हुभा कुठं ऱ्हातो त्ये बघून ठिवावं. हेडला त्येला कोनी बघितलाय? त्यो टेलला हुभा असतो, रिकामी घागर घिऊन. आपन इकडं मांडव घालतो आन् म्हंतो, देवा, तुलाच पयलं."

मग त्यानं गाठोड्याची गाठ पुन्हा बांधली. त्याची बायको कधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं, एवढं मला ठाऊक होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुमच्या बाई कधी गेल्या, बाबा?"

"उन्हाळ्यातलं दुसरं आवर्तन हुतं," तो म्हणाला. आवर्तन म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याची खेप. "चारी फुटली हुती. चार दिस मी तिकडंच. टेलला पानी पोचवलंच. लोकांनी हार घातला. हार घिऊन घरी आलो, तर दारात मान्सं."

"कशानं गेल्या?"

"आवर्तन सांगतो की साहेब. चारी कुठं फुटली त्ये सांगतो, किती पानी सुटलं हुतं त्ये बी सांगतो." त्यानं खाकी बाहीनं तोंड पुसलं. "दुखनं कुठलं हुतं त्ये मला ठावं न्हाई. म्या कवा ईचारलंच न्हवतं."

संध्याकाळी पाचला नर्स आली आणि म्हणाली, पेशंटनं डोळे उघडलेत, "डॉक्टरबाईंचा चष्मा दिसतोय" म्हणतायत. मी आत पळालो. परत आलो तर बाबा शेवटच्या एस्टीला निघून गेला होता.

पुढचं मला सांगावंसं वाटत नाही, पण ते गाळलं तर मी स्वतःला पुन्हा सूट दिल्यासारखं होईल. मी दवाखान्यात होतो त्या आठवड्यात पंचांनी सभा घेतली आणि पाहुण्यांचा अपमान केला म्हणून बाबाकडून किल्ली काढून घेतली. पाहुण्यांनी स्वतः फोन करून सांगितलं होतं की अपमान-बिपमान काही झाला नाही, त्या दिवसासारखा हंगामाचा सण आपण कुठं बघितला नाही. आमची गाडी पूल ओलांडून गेल्यावर बाबानं दार उघडलं होतं आणि सगळ्यात शेवटी उभी असलेली, ओंजळभर बाजरी घेऊन आलेली म्हातारी सगळ्यांच्या आधी वेदीपुढं गेली होती. पण गुरुजींनी ऐकलं नाही. मी परत आल्यावर एका शब्दानं ती किल्ली परत देववू शकलो असतो. म्हणालो, जरा शांत होऊ द्या. ते शांत झालं आणि किल्ली राहून गेली. बाबाची मी माफी मागितली तर म्हणाला, "असू द्या वो. किल्ली हेडचीच चीज हाय. घरी सूज-बीज न्हाई ना आता?" भेटला की हेच विचारायचा. आणि मला दर वेळी उत्तर ठाऊक असायचं. तेवढं मात्र मी शिकलो.

मागच्या मार्गशीर्षात बाबा गेला. झोपेतच. आमच्यात पेटी खाली उतरवली की पहिली मूठभर माती पाळकानं टाकायची, मग पंचांनी, मग मानकऱ्यांनी, मग बाकीच्यांनी. गुरुजींनी घमेलं माझ्यापुढं धरलं. मी हात पुढं केला आणि मागं घेतला.

"रांग उलटी फिरवा," मी म्हणालो. "आधी टेलला."

"पाळकसाहेब, पद्धत आहे," गुरुजी कुजबुजले.

"ह्यांच्यापुढं तरी नका सांगू पद्धत!" माझा आवाज चढला आणि फुटलाही. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, खाली पेटीकडं बघितलं, आणि घमेलं उचलून मुकाट्यानं मागं चालू लागले. माणसं बाजूला होत गेली.

रांगेच्या अगदी शेवटी, बाभळीच्या कुंपणापाशी माझी बायको उभी होती आणि तिचं बोट धरून आमची सहा वर्षांची मुलगी. तीच पुढं आली. चिमुकल्या मुठीत मावली तेवढी माती घेऊन तिनं कडेला वाकून नीट खाली टाकली आणि हात फ्रॉकला पुसले. मग माझ्याकडं वळून सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं, "पप्पा, तुमची पाळी कधी?"

"माझी शेवटी, बेटा," मी म्हणालो, आणि तिच्या आईला पुढं यायला वाट करून दिली.